सीडी वाजते, लग्नाची डीव्हीडी अडते: ड्राइव्ह बदलायचा का?

सिन्नरहून एका दादांनी विचारलंय. लॅपटॉप २०१२ चा. आला तेव्हा विंडोज ७ होतं, नंतर भाच्यानं विंडोज १० टाकून दिलं. गाण्यांच्या सीडी अजून व्यवस्थित वाजतात. लग्नाची डीव्हीडी घातली की मात्र ड्राइव्ह घुरघुरतो, मधेच कट्-कट् करतो आणि शेवटी ‘डिस्क टाका’ असं सांगतो. पाच वेळा घातली तर एकदा आतला फोल्डर दिसतो, पण तेव्हाही चित्र काही लागत नाही. जवळच्या एका दुकानात दाखवला, त्यांनी न तपासताच ‘ड्राइव्ह गेलाय, नवीन टाकू’ म्हटलं. टाकायचा का?

लगेच टाकू नका. ड्राइव्ह थकलाय यात मला फारशी शंका नाही. पण तुम्हाला हवंय ते लग्नाचं शूटिंग. नवा ड्राइव्ह बसवला आणि डिस्क त्यातही अडली, तर पैसे गेले आणि डिस्कला आणखी हिसके बसले ते वेगळेच. नाशकात बावीस वर्षं हेच काम करतोय. ‘ड्राइव्ह बिघडला’ म्हणून जे येतात त्यांच्याकडे माझे संशयित तीन असतात: विंडोज, डिस्क आणि ड्राइव्ह. तुमच्या वर्णनात मला तिघंही दिसतायत.

विंडोजपासून सुरू करतो, तिथं पैसे लागत नाहीत. विंडोज ७ च्या होम प्रीमियम आणि त्यावरच्या आवृत्त्यांत डीव्हीडी सिनेमा लावायची सोय आतच होती. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टनं ती काढून टाकली, कारण डीव्हीडीतला व्हिडिओ उलगडायच्या तंत्राला परवान्याचे पैसे भरावे लागतात. त्यामुळे विंडोज १० वर डिस्क ठणठणीत असली तरी नुसतं डबल क्लिक करून काही दिसत नाही. गाण्यांच्या सीडीला ही अडचण नाही, म्हणून त्या वाजतात आणि माणूस ड्राइव्हवर बोट ठेवतो. व्हीएलसी प्लेअर टाका, फुकट मिळतो. ‘फोल्डर दिसतो पण चित्र नाही’ याचा उलगडा बहुतेक इथंच होईल.

पण पाचातून चार वेळा फोल्डरही दिसत नाही, ते व्हीएलसीनं सुटणार नाही. त्याआधी दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. ड्राइव्ह ‘माय कॉम्प्युटर’मध्येच दिसत नसेल, तर लॅपटॉप चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन बघा. तिथंही नाव नसेल तर दोष जोडणीत किंवा ड्राइव्हच्या बोर्डात. बायोसमध्ये आहे आणि विंडोजमध्ये नाही, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या भागांच्या यादीत, त्याच्यावर पिवळं चिन्ह असेल. तिथून ड्राइव्ह अनइन्स्टॉल करून लॅपटॉप पुन्हा सुरू करा, विंडोज तो आपला आपण परत बसवतं. तरी नाही आला तर डिस्क राइट करायच्या जुन्या सॉफ्टवेअरनं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, ‘अप्पर फिल्टर’, ‘लोअर फिल्टर’ अशा नोंदी मागे सोडलेल्या असतात, त्या काढाव्या लागतात. रजिस्ट्रीला आधी हात लावला नसेल तर ते काम जाणकाराकडून करून घ्या. तुमच्याकडे सीडी वाजते, म्हणजे हा भाग तुम्हाला लागू नाही.

आता मुद्द्याचं. सीडी वाचते आणि डीव्हीडी वाचत नाही हे ऐकून लोकांना नवल वाटतं, ‘एकच ड्राइव्ह ना?’ ड्राइव्ह एक, पण आत प्रकाश दोन. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर, जो डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल. दोघं एकाच भिंगातून बाहेर पडतात, पण दोघांचं वय सारखं होत नाही. लाल मंदावला की सीडी खुशाल चालतात आणि डीव्हीडी अडायला लागतात. शिवाय सीडीत ७०० एमबी मावतात, तेवढ्याच आकाराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी. म्हणजे खुणा कितीतरी बारीक आणि दाट. भिंगावर थोडा मळ असला तर सीडी सांभाळून घेते, डीव्हीडी घेत नाही. तेव्हा तुमच्या लक्षणाची दोन कारणं असू शकतात, लाल लेझर म्हातारा झालाय किंवा भिंग मळलंय. दुसरं असेल तर पाच मिनिटांचं काम.

आणि तिसरी शक्यता डिस्कचीच. म्हणून मी आधी एक साधी चाचणी घेतो. दुकानात एका बिस्किटांच्या डब्यात चार डिस्क ठेवल्यात: कंपनीनं छापलेली एक सीडी, छापलेली एक डीव्हीडी, आणि राइट केलेली एकेक. तुम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून जमवा. दुकानातून विकत घेतलेल्या सिनेमाची डीव्हीडी छापील असते, तिची खालची बाजू चंदेरी. लग्नवाल्यांनी दिलेली राइट केलेली असते, ती उजेडात धरली की जांभळट दिसते. छापील डीव्हीडी झटकन उघडली आणि राइट केलेल्या दुसऱ्या कुणाच्या डिस्कही उघडल्या, तर दोष तुमच्या लग्नाच्या डिस्कचा. छापील चालते पण राइट केलेल्या सगळ्याच अडखळतात, तर भिंग मळलंय किंवा लेझर कमी पडतोय. एकही डीव्हीडी चालत नसेल आणि भिंग पुसूनही फरक नसेल, तर लाल लेझरला रामराम. एवढी चाचणी न घेता ‘ड्राइव्ह गेला’ म्हणणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

डिस्क कशी बघायची तेही सांगतो. खिडकीपाशी उभं राहून तिरपी धरा. राइट केलेल्या डिस्कमध्ये खुणा म्हणजे खड्डे नसतात, रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि लेझरनं तो जागोजागी बदललेला असतो. हा थर उन्हानं आणि उष्णतेनं फिका पडतो. आपल्याकडे लग्नाची डिस्क अल्बमच्या शेवटच्या पानावरच्या प्लास्टिकच्या खिशात असते आणि अल्बम माळ्यावर, पत्र्याखाली. पंधरा उन्हाळे तिथं काढल्यावर तिनं तक्रार केली तर तिचं काय चुकलं? प्लास्टिकचा खिसा डिस्कला चिकटून डागही पडतात. काही डाग ओल्या मऊ कपड्यानं जातात, काही नाही.

ओरखड्यांचं गणित लोक उलटं धरतात. डिस्क पुसताना गोल फिरवून पुसतात, ताट पुसल्यासारखी. ते टाळा. माहिती आतून बाहेर सर्पिल रेषेत लिहिलेली असते. मधून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्याला एकदाच, निसटता छेदतो आणि तेवढी चूक ड्राइव्ह स्वतः भरून काढतो. गोल ओरखडा मात्र रेषेच्या बरोबरीनं धावतो आणि सलग माहिती झाकतो. म्हणून पुसायचं ते मधून कडेकडे, सरळ. सीडीच्या बाबतीत वरची, नाव लिहायची बाजू जास्त जपा, कारण माहितीचा थर त्या लाखेच्या लगेच खाली असतो. सीडी दिव्यासमोर धरून टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढी माहिती कायमची गेली. डीव्हीडी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून केलेली असते आणि थर मधोमध, त्यामुळे ती वरून तेवढी नाजूक नाही.

तुमच्या डिस्कवर नवरा-नवरीच्या फोटोचा कागदी स्टिकर आहे का? असला तर आधी त्याच्या कडा बघा. मे महिन्यात एका ताईंचा लॅपटॉप आला होता, ट्रे अर्धवट उघडून अडकलेला. आतून अख्खं जोडपं निघालं, म्हणजे स्टिकर. ड्राइव्हच्या गरमीत गोंद सुटला, कड उचलली आणि वरच्या पत्र्याला घासत घासत त्याची गुंडाळी झाली. स्टिकर सरळ बसलेला असला तरी एका बाजूला जड असतो, डिस्क वेगात हेलकावते आणि तुम्ही म्हणताय तशी घरघर येते. सुटत आलेला स्टिकर घरी ओढून काढू नका, आणि तशी डिस्क पुन्हा ड्राइव्हमध्ये घालूही नका.

आता भिंग. डेस्कटॉपचा ड्राइव्ह उघडावा लागतो, लॅपटॉपचं बरं असतं, भिंग ट्रेमध्येच समोर दिसतं. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. चालू ड्राइव्हच्या भिंगात डोकावायचं नाही, लेझर दिसत नसला तरी डोळ्याला लागतो. ट्रेच्या तोंडाशी एक बारीक छिद्र असतं, त्यात सरळ केलेली पेपर क्लिप हळूच आत घाला, खटका लागला की ट्रे थोडासा बाहेर येतो, पुढे हातानं ओढा. सरकत्या पट्टीच्या मधे मसुराच्या दाण्याएवढं निळसर चकाकणारं भिंग दिसेल. (लेन्स हा शब्द मुळात लॅटिनमधल्या मसुराच्या नावावरूनच आलाय.) ते केसासारख्या बारीक तारांवर तोललेलं असतं, बोट लागलं की डुलतं. डुलू द्या, पण दाबू नका.

आधी घड्याळवाले वापरतात तसल्या रबरी फुग्यानं धूळ उडवा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण जातात आणि ते धुळीपेक्षा वाईट. मग कानात घालायच्या कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन जास्तीचा टिपून टाका. काडी भिंगावर फक्त टेकवायची आणि बोटात एकदा गोल फिरवायची, तिच्या स्वतःच्या वजनाइतकाच दाब. मग दुसरी कोरडी काडी तशीच. दहा मिनिटं ट्रे उघडा ठेवा. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर चुकूनही नको, ते प्लास्टिकचं भिंग पांढरं करतात. कोरोनापासून घरोघरी सॅनिटायझर आहे म्हणून लोक तो लावून बघतात. त्यात बहुधा ग्लिसरीन असतं, त्याचा पातळ थर भिंगावर बसतो आणि होतं नव्हतं तेही जातं. ब्रश लावलेल्या ‘लेन्स क्लीनर’ डिस्कही मी लॅपटॉपला वापरत नाही. पातळ ड्राइव्हमध्ये जागा कमी, ब्रशचा फटका त्या तारांना बसतो.

काडीवर काय आलं ते बघा. नुसती करडी धूळ असेल तर ठीक. पिवळट चिकट आलं तर लॅपटॉप स्वयंपाकघरात असतो, फोडणीचा धूर आत गेलाय. काळपट आलं तर देवघर जवळ, उदबत्ती. एकदा काडी बघून मी एका आजोबांना ‘लॅपटॉप देवघरात ठेवता का’ विचारलं, तर ते बराच वेळ माझ्याकडे बघतच राहिले.

थंडीचा अनुभवही सांगायला हवा, कारण ‘कधी चालतो, कधी नाही’ यात तोही असतो. निफाडचा एक द्राक्षवाला जानेवारीत सकाळी सातला घरून निघाला, लॅपटॉप मोटारसायकलच्या टाकीवर. निफाडची जानेवारी काय असते ते आपल्याकडे सांगायला नको. दुकानात आला, मी लगेच डिस्क घातली, एकही वाचेना. सीडीसुद्धा नाही. शेजारी चहाचं आधण उकळत होतं, काउंटरच्या काचेवर वाफ धरलेली. थंडगार भिंगावर तीच वाफ बसली होती. लॅपटॉप बंद करून बाजूला ठेवला, दोघांनी चहा घेतला, दुसरी कामं केली. अकरा वाजता त्याच ड्राइव्हनं त्याच डिस्क वाचल्या. तो घाईत नवा ड्राइव्ह टाकून गेला असता तर नवाही तेवढ्याच दिमाखात चालला असता, आणि आम्ही दोघं समजलो असतो की जुना खराब होता.

कट्-कट् आवाजाबद्दल. लेझरला सुरुवातीचा मजकूर सापडला नाही की सरकती पट्टी पुढेमागे होऊन पुन्हा शोधते, तो हा आवाज. म्हणजे तो बिघाडाचं कारण नसतो, परिणाम असतो. पण एक बारीक गोष्ट तपासा. लॅपटॉपच्या ट्रेमध्ये डिस्क नुसती ठेवून चालत नाही, मधल्या गोल खुंटीवर टक् असा आवाज होईपर्यंत दाबून बसवावी लागते. एका हातानं ट्रेला खालून आधार द्या आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी मधोमध दाबा. आधार न देता दाबून दाबून ट्रे वाकलेले मी बरेच पाहिलेत. डिस्क अर्धवट बसली तर ती तिरकी फिरते, घासते, आणि पाचातून एकदाच वाचते. तुमचं ‘एकदा दिसतं, चारदा नाही’ यानंही होऊ शकतं. तिरक्या जागी दहा वर्षं दाबत राहिलं की खुंटीचे ते छोटे खटके झिजतात. ट्रेच्या खालची चपटी केबलही प्रत्येक उघडझापीत दुमडते आणि कालांतरानं एखादी तार तुटते. ट्रे थोडा हलवला की वाचतो, सोडला की नाही, असं झालं तर केबल. ती दुरुस्त करण्यात अर्थ नाही.

आणि लेझरची ताकद वाढवायचा जुना उपाय तुम्हाला कुणी सुचवेल. पिकअपवर, म्हणजे लेझर आणि भिंग असलेल्या सरकत्या भागावर, एक बारीक स्क्रू असतो, तो किंचित फिरवला की लेझर जास्त विजेवर चालतो. मीही उमेदीच्या काळात फिरवलेत. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि थोड्या दिवसांनी परत येतं, तेव्हा लेझर पूर्ण विझलेला असतो. मरणाऱ्या दिव्याची वात मोठी करण्यातला प्रकार. फक्त एक डिस्क शेवटची उतरवून घ्यायची असेल तर त्यात थोडा अर्थ आहे, पण तेही घरी करायचं काम नाही.

इथपर्यंतचा क्रम असा धरा: व्हीएलसी, डिस्क नीट बसवणं, चार डिस्कची चाचणी, मग भिंग. आता पुढचं, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

ज्या क्षणी तुमची डिस्क उघडेल त्या क्षणी ती लावून बघत बसू नका. आधी उतरवून घ्या. आत व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर असेल, त्यात साधारण एकेक जीबीच्या फाइली. अख्खा फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा. विंडोजची कॉपी मधेच अडली तर ती हट्टानं तिथंच घासत बसते, म्हणून अवघड डिस्कला मी तशी कॉपी करतच नाही. लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीवर, डीडीरेस्क्यू नावाचं फुकट साधन आहे. ते आधी सोपे, चांगले भाग उचलतं, अडलेले सोडून पुढे जातं, आणि कुठले राहिले याची नोंद ठेवतं. मग डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालायची, ते फक्त राहिलेले भाग मागतं. एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की दुकानात वेगवेगळ्या कंपन्यांचे पाच जुने ड्राइव्ह फक्त याच कामासाठी ठेवलेत. त्यातले डेस्कटॉपचे जाड ड्राइव्ह अशा डिस्कना लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हपेक्षा बरे वाचतात. तेव्हा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जुना डेस्कटॉप असलेला मित्र शोधा. हॉलमधल्या डीव्हीडी प्लेअरवर लागते का तेही बघा. प्लेअरवरही नाही आणि कॉम्प्युटरवरही कुठंच नाही, तर शूटिंगवाल्यानं शेवटी ‘फायनलाइज’ केलीच नसेल, म्हणजे लिहिणं पूर्ण करून डिस्क बंदच केली नसेल, असंही होतं.

ड्राइव्ह घ्यायचाच ठरला तर माझं मत बाहेरून लावायच्या यूएसबी ड्राइव्हच्या बाजूनं. तो उद्या दुसऱ्या लॅपटॉपलाही चालतो. फक्त तो थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, डिस्क फिरायला सुरुवात होताना काही ड्राइव्हना त्याहून जास्त लागतं. लांब एक्स्टेन्शन किंवा साधा हब मधे आला की ड्राइव्ह फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो, आणि लोक म्हणतात हाही खराब निघाला. अशा ड्राइव्हसाठी दोन पोर्टमधून वीज घेणारी दोन तोंडांची केबल मिळते. आतलाच बदलायचा असेल तर आधी जाडी मोजा, १२.७ मिलिमीटर की ९.५. पुढची प्लास्टिकची पट्टी आणि मागची पत्र्याची क्लिप जुन्या ड्राइव्हची काढून नव्याला लावावी लागते, ती टाकून देऊ नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये खालचा एक स्क्रू काढला की ड्राइव्ह सरकून बाहेर येतो. बाजारात ‘चालू कंडिशन’ म्हणून मिळणारे पुष्कळसे ड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेले असतात. घेताना दुकानातच राइट केलेली डीव्हीडी घालून बघा, सीडी घालून दाखवली तर त्याला अर्थ नाही.

आणि डिस्क उतरल्यावर ड्राइव्हची गरजच उरली नाही, तर त्या जागी कॅडी, म्हणजे हार्ड डिस्क बसवायची चौकट, बसते. तिच्यात जुनी हार्ड डिस्क, आणि हार्ड डिस्कच्या मूळ जागी एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क. २०१२ च्या लॅपटॉपला तो खर्च नव्या डीव्हीडी ड्राइव्हपेक्षा जास्त मानवेल.

चार डिस्कची चाचणी करून काय दिसलं ते कळवा. नाशकात येणं झालं तर ती लग्नाची डिस्क कडक डबीत घालून आणा, अल्बमच्या खिशात नको. लॅपटॉप घरी राहिला तरी चालेल. थंडीत मोटारसायकलवर येणार असाल तर मी दुकान दहाला उघडतो, पण तुमची डिस्क अकराच्या आधी घालणार नाही.